केसेस कमी झाल्या म्हणून माणसं कमी करू नका

डेंग्यू, चिकुनगुनिया, मलेरिया, झिका, यातल्या कशाचीही साथ आली की सगळीकडे तेच प्रश्न विचारले जातात, फवारणी का झाली नाही, बेड का कमी पडले, टेस्ट किट का संपले. प्रश्न बरोबरच आहेत पण ते सहा महिने उशिरा विचारलेले असतात. डासांच्या आजारांवरचा पैसा आणि मनुष्यबळ हे रुग्णसंख्येला बांधलेलं असतं, रुग्ण वाढले की वाढतं, कमी झाले की कापलं जातं, आणि ही गाठ जोवर सुटत नाही तोवर कितीही मशिन्स घ्या, कितीही ॲप काढा, दर काही वर्षांनी हेच होणार. माझं म्हणणं एवढंच आहे की पैसा आणि माणसं अळ्यांच्या संख्येला बांधा, आणि अळ्या मोजायला वर्षभर पगारी, शिकलेली, कायम नोकरीवरची माणसं ठेवा. रुग्ण शून्य असले तरी ठेवा, खरं तर तेव्हा तर नक्कीच ठेवा.

यात सगळ्यात जास्त शिकण्यासारखी गोष्ट श्रीलंकेची आहे आणि ती नीट सांगायला हवी कारण बहुतेक वेळा अर्धवटच सांगितली जाते. १९३४-३५ मध्ये तिथे मलेरियाची एवढी भयंकर साथ आली होती की अंदाजे ८० हजार माणसं गेली. मग १९४६ पासून घरांच्या आतल्या भिंतींवर डीडीटी हे कीटकनाशक मारायला सुरुवात झाली, घरोघरी जाऊन, ठरलेल्या अंतराने, आणि सोबत ताप आलेल्यांचं रक्त तपासणंही चालू होतं. १९६३ साली पूर्ण देशात मलेरियाचे फक्त १७ रुग्ण सापडले. १७! त्यातलेही निम्म्याहून जास्त बाहेरून आजार घेऊन आलेले. आता त्या वेळी खर्च मंजूर करणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा, १७ रुग्णांसाठी एवढी फौज कशाला पोसायची असं कुणालाही वाटेल, आणि तसंच झालं, फवारणी थांबवली, पैसा आणि लक्ष दुसरीकडे गेलं. १९६८-६९ मध्ये रुग्णसंख्या ५ लाखांच्या वर होती.

हे कसं झालं ते बघण्यासारखं आहे. तिथला मलेरिया पसरवणारा मुख्य डास नद्यांच्या पात्रात वाढतो, पाऊस कमी पडला आणि नदी आटली की पात्रात जी डबकी उरतात त्यात, म्हणजे जे वर्ष शेतीला वाईट ते डासाला चांगलं. त्यात रत्नांच्या खाणींकडे लोकांचे लोंढे चालले होते, खड्डे खणायचे, त्यात पाणी साचायचं, राहायला तात्पुरत्या झोपड्या ज्यांना फवारायला धड भिंतसुद्धा नाही, आणि तिथून ताप अंगात घेऊन माणूस आपल्या गावी परत. सगळं लोकांच्या डोळ्यांदेखत चाललं होतं, पण ते वेळेत पकडणारी यंत्रणा तोपर्यंत ढिली पडली होती. मग घाईघाईने परत फवारणी सुरू केली तर डासांना डीडीटीची सवय होत चाललेली, पुढे मॅलॅथिऑन या दुसऱ्या कीटकनाशकावर जावं लागलं जे त्याहून महाग. म्हणजे दोन-चार वर्षं जे वाचवलं त्याच्या कितीतरी पट पुढची अनेक वर्षं घालत बसावं लागलं, आणि गेलेल्या माणसांचा हिशोब तर वेगळाच.

आजही कुणीतरी ठासून सांगतं की डीडीटीवर बंदी आली म्हणून तिथे मलेरिया परत आला. अमेरिकेतली ती गाजलेली बंदी १९७२ ची आहे, साथ त्याच्या आधीची. डीडीटी कुणी हिसकावून घेतलं नव्हतं, काम झालं असं वाटून थांबवलं होतं. हा फरक महत्त्वाचा आहे कारण बंदीची गोष्ट सांगितली की दोष बाहेरच्यांवर जातो, आणि खरी गोष्ट सांगितली की प्रत्येक देशाच्या, प्रत्येक शहराच्या बजेटकडे बोट जातं.

पण ही गोष्ट इथे संपत नाही, आणि दुसरा अर्धा भाग मला जास्त आवडतो. त्याच देशात पुढे कितीतरी वर्षं चिकाटीने काम झालं, यादवी युद्ध चालू असतानाही झालं, आणि तिथल्या तिथे लागण झालेला शेवटचा रुग्ण २०१२ मध्ये सापडला, २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियामुक्त म्हणून जाहीर केलं. यावेळी त्यांनी यंत्रणा गुंडाळली नाही. मलेरिया नसलेल्या देशात कीटकशास्त्राची पथकं डास पकडत राहिली, अळ्या ओळखत राहिली, आणि त्यामुळेच सर्टिफिकेट मिळाल्यानंतर थोड्याच काळात मन्नार भागात त्यांना ॲनॉफिलीस स्टेफेन्सी सापडला, जो त्या देशात आधी कधी नोंदला गेला नव्हता. हा शहरी मलेरियाचा डास, टाक्यांमध्ये, विहिरींमध्ये, बांधकामाच्या पाण्यात आरामात वाढणारा. एकही रुग्ण व्हायच्या आधी तो सापडला आणि त्याच्या मागे लागता आलं. शून्य रुग्णांच्या काळात पगार चालू ठेवल्याने नेमकं काय मिळतं असं कुणी विचारलं तर हे उत्तर आहे.

आणि याच डासाचं दुसरं टोक बघायचं असेल तर आफ्रिकेतला जिबूती हा छोटासा देश बघा. तिथे २०१२ मध्ये मलेरियाचे अवघे २७ रुग्ण नोंदले गेले होते, देश मलेरिया संपवायच्या उंबरठ्यावर होता, आणि त्याच वर्षी हा स्टेफेन्सी तिथे पहिल्यांदा सापडला. २०२० मध्ये रुग्ण ७३ हजारांच्या वर गेले. सगळा दोष एकट्या या डासाला देता येणार नाही, त्यात बाकीची कारणंही असतात, पण नवा डास शहरात शिरला आणि यंत्रणेकडे त्याला रोखण्याएवढं बळ नसलं तर आठ वर्षांत काय होऊ शकतं हे समजायला एवढं पुरे.

डेंग्यूच्या एडिस डासाचं तर पूर्ण खंडाच्या पातळीवर असं झालंय. १९४७ मध्ये अमेरिका खंडातल्या देशांनी मिळून ठरवलं की एडिस इजिप्ती संपवायचा, तेव्हा धास्ती याच डासातून पसरणाऱ्या पीतज्वराची (यलो फिव्हर) होती, आणि १९६२ पर्यंत १८ देशांतून तो खरोखर संपला, ब्राझीलसारख्या प्रचंड देशातूनसुद्धा. काय जादू केली होती? काही नाही, घरोघरी जाऊन प्रत्येक भांडं बघायचं, पाणी ओतायचं, औषध टाकायचं, आणि परत येऊन तपासायचं, पथकाच्या मागून त्याचं काम तपासणारं दुसरं पथक यायचं. मग यश आलं, मोहीम सैल झाली, सगळ्या देशांनी शेवटपर्यंत नेलीच नाही, आणि जिथे डास उरला होता तिथून तो परत पसरला, जुन्या टायरांच्या वाहतुकीतून, बोटींतून, नव्याने वाढलेल्या शहरांतून. २०२४ मध्ये एकट्या ब्राझीलमध्ये डेंग्यूचे ६० लाखांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. ज्या देशाने हा डास एकदा पूर्ण संपवला होता त्याच देशात.

आता अळ्या मोजणं म्हणजे काय ते थोडं जवळून बघू कारण हे काम इतकं हलकं समजलं जातं की कुणालाही हंगामापुरतं रोजंदारीवर घेऊन बॅटरी हातात दिली की झालं असं वाटतं. पाण्याच्या टाकीवर वाकून उजेड टाकला की तुमची सावली पडते आणि अळ्या वळवळत तळाला जातात, नवख्या माणसाला टाकी स्वच्छ दिसते आणि तो पुढे जातो. मुरलेला माणूस थांबतो. मिनिट-दोन मिनिटं काहीच करत नाही, कारण त्याला माहीत असतं की अळीला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. मग ती येते, आणि ती पाण्याला कशी लटकलीय यावरून त्याला कळतं काय आहे, एडिसची अळी शेपटाकडची श्वासनळी वर करून डोकं खाली सोडून तिरकी लटकते, ॲनॉफिलीसची पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली असते. म्हणजे या घराला डेंग्यूचा धोका आहे का मलेरियाचा हे लॅबमध्ये जायच्या आधी तिथेच समजतं. मग तो टाकीच्या आतल्या कडेवर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, बोट फिरवतो किंवा बॅटरी धरतो, कारण एडिस अंडी पाण्यात सोडत नाही, ओलसर कडेला चिकटवते, काळे बारीक ठिपके. पाणी ओतून दिलं तरी ती तशीच राहतात, कोरडी, कित्येक महिने, आणि परत पाणी चढलं की काही वेळात अळ्या बाहेर. म्हणून नुसतं रिकामं करून उपयोग नाही, घासायला लागतं. हे घरातल्या माणसाला समजेल असं सांगणं, दार उघडायला लावणं, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचा फुटका ड्रम, बांधकामावरचा लिफ्टचा खड्डा हे सगळं न कंटाळता बघणं, आणि जे दिसलं तेच लिहिणं, ऑफिसला जे आवडेल ते नाही. हे कौशल्य आहे. ते यायला हंगाम नाही, वर्षं लागतात. आणि ज्याला पावसाळा संपला की घरी बसवणार आहात तो ही वर्षं या कामाला का देईल?

त्या अंड्यांच्या गोष्टीत आणखी एक मुद्दा आहे. डासांचं काम पावसाळ्यात सुरू होतं असं सगळे धरून चालतात, पण कोरड्या दिवसांत अंडी कडांना चिकटून पडलेली असतात, पाणी साठायच्या जागा कमी असतात, अळ्या थोड्या असतात, मग तेव्हा एक ड्रम घासून काढायचा जो फायदा आहे तो नंतर शंभर ड्रम घासून मिळत नाही. अंड्यापासून उडणारा डास व्हायला गरम दिवसांत आठ-दहा दिवस लागतात. एकदा ते चक्र फिरायला लागलं की पथक मागे आणि डास पुढे. वर्षातले सगळ्यात मोलाचे महिने नेमके तेच असतात जेव्हा कुणाला डास चावत नाहीत, पेपरात बातमी नसते आणि हंगामी कामगारांना सुट्टी दिलेली असते.

रियुनियन या हिंदी महासागरातल्या बेटावर हे अगदी स्पष्ट दिसलं. २००५ मध्ये तिथे चिकुनगुनिया पोचला, काही हजार लोकांना झाला, मग थंडीचे महिने आले आणि रुग्ण खूप कमी झाले. कमी झाले, शून्य नाही. आजार हळूहळू चालूच होता. मग उन्हाळ्याचा पाऊस आला, दरम्यान विषाणूत एक बदल झाला होता ज्यामुळे तो तिथल्या एडिस अल्बोपिक्टस डासात जास्त चांगला वाढू लागला, आणि २००६ च्या सुरुवातीला आठवड्याला ४० हजारांच्या वर लोक आजारी पडायला लागले. साधारण पावणेआठ लाखांच्या बेटावर एकूण २ लाख ६० हजारांहून जास्त लोकांना झाला, म्हणजे तिघांत एकाला. विषाणू बदलेल हे कुणी आधी सांगू शकत नव्हतं हे मान्य. पण त्या शांत महिन्यांत डास मात्र तिथेच होते आणि ते मोजता येत होते.

मग फॉगिंग. मला माहितीये की यावर बोललं की लोक चिडतात, कारण धुराची गाडी आली नाही तर आपल्या भागाकडे दुर्लक्ष झालं असं वाटतं आणि ती आली की बरं वाटतं. पण तो धूर करतो काय? उडणारा डास त्या थेंबांच्या संपर्कात आला तर मरतो, थेंब थोडा वेळ हवेत राहतात आणि संपतात, अळीला काही होत नाही, अंड्याला तर नाहीच. आणि एडिस रस्त्यावर फिरत नसतो, तो घरात असतो, पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटातल्या कपड्यांत, आणि धुराची गाडी आली की लोक खिडक्या लावून घेतात. शिवाय जगात अनेक ठिकाणी एडिसला या औषधांची सवय झालेली आहे. साथ भडकलेली असताना, जिथे रुग्ण आहेत त्या घरांच्या आत आणि आजूबाजूला, योग्य वेळी, योग्य औषधाने फवारणी करणं याला जागा आहे, ते करावं. पण पूर्ण शहरात रस्त्यारस्त्याने धूर सोडणं यात जो पैसा जातो त्यात किती तपासनीस वर्षभर ठेवता आले असते हा हिशोब कुठेतरी मांडला जायला हवा. नेत्यांना दोष देऊन इथे भागणार नाही. धूर आपण मागतो म्हणून मिळतो. आपण अळ्यांचे आकडे मागत नाही म्हणून ते मिळत नाहीत.

लोकांवर ढकलण्याबद्दलही बोलायला पाहिजे. घरात अळ्या सापडल्या की दंड, नोटीस, 'नागरिकांमध्ये जागरूकता नाही' वगैरे. जागरूकता पाहिजेच, वाद नाही. पण ज्या घरात दोन-तीन दिवसांतून एकदा नळाला पाणी येतं त्या घरातली बाई ड्रम भरून ठेवणार नाही तर काय करणार, आणि तिला आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी ठेवा असं सांगायचं म्हणजे त्या दिवशी पाणी कुठून आणायचं तेही सांगायला नको का? तिला बसणारं घट्ट झाकण द्या, ड्रमला बांधायचं जाळीचं कापड द्या, आणि मुख्य म्हणजे पाणी नियमित द्या. पाणीपुरवठा खात्याचं बजेट हे डेंग्यूचंसुद्धा बजेट असतं, पण या दोन खात्यांच्या लोकांना एका टेबलावर बसलेलं सहसा कुणी बघितलेलं नसतं. आणि दंड लावल्याने एक गोष्ट नक्की होते, पुढच्या वेळी दार उघडत नाही.

हॉस्पिटलच्या तयारीबद्दल थोडक्यातच लिहितो, पण त्यातली एक गोष्ट सगळ्यांना माहीत हवी. डेंग्यूत माणूस सहसा ताप चढलेला असताना जात नाही, ताप उतरताना जातो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास ताप खाली येतो, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि नेमकं त्याच वेळी काही जणांच्या रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं, पोटात जोरात दुखतं, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडतात, पोरगं सुस्त होऊन पडून राहतं. हे २४ ते ४८ तास सांभाळले की बहुतेक जण वाचतात, गंभीर डेंग्यूत नीट उपचार मिळाले तर मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्या खाली येतं आणि नाही मिळाले तर ते २० टक्क्यांपर्यंतही जाऊ शकतं. आणि हे नीट उपचार म्हणजे महागडं मशीन नाही, सलाईन किती द्यायचं हे दर काही तासांनी हिमॅटोक्रिट (म्हणजे रक्त किती घट्ट झालंय), लघवी, नाडी बघून ठरवणारी नर्स आणि डॉक्टर. कमी पडलं तर पेशंट शॉकमध्ये जातो, जास्त झालं तर फुप्फुसात पाणी. तिकडे नातेवाईक मात्र प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून पिशव्या शोधत पळत असतात, जेव्हा रक्तस्राव नसताना फक्त आकडा कमी आहे म्हणून प्लेटलेट चढवून फायदा होत नाही हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. क्युबामध्ये १९८१ साली काही महिन्यांत ३ लाख ४४ हजार लोकांना डेंग्यू झाला, त्यातले लाखाच्या वर ॲडमिट केले गेले आणि मृत्यू १५८. त्यातली १०१ मुलं होती, म्हणजे हा आकडा लहान आहे असं म्हणवत नाही, पण एवढ्या मोठ्या साथीत तो यापेक्षा कितीतरी वाईट होऊ शकला असता. साथीच्या मधोमध नर्सला ट्रेनिंग देता येत नाही. तेही शांत वर्षातच द्यावं लागतं, दरवर्षी, कारण माणसं बदलतात.

आणि खबर वेळेवर पोचणं. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका हॉस्पिटलमधल्या डॉक्टरला मेंदूज्वराचे दोन पेशंट जरा वेगळे वाटले, तिने आरोग्य खात्याला फोन केला, आणि त्यातून पुढे डासांतून पसरणारा वेस्ट नाईल विषाणू सापडला जो त्या खंडात आधी कधीच आलेला नव्हता. सुरुवातीला निदान चुकलं होतं, दुसराच आजार समजले होते. पण त्याच दिवसांत शहरात कावळे मरून पडत होते आणि प्राणीसंग्रहालयातल्या पशुवैद्यक बाईंनी या दोन गोष्टींचा संबंध लावायचा आग्रह सोडला नाही. ब्राझीलमध्ये २०१५ साली रेसिफेच्या डॉक्टरांना लहान डोक्याची बाळं नेहमीपेक्षा जास्त दिसायला लागली आणि त्यांनी आवाज उठवला, तिथून झिका आणि गर्भातल्या बाळाचा संबंध जगाला कळला. दोन्हीकडे सुरुवात एका माणसाला शंका येण्यातून आणि दुसऱ्या कुणीतरी ती ऐकून घेण्यातून झाली. म्हणून विचारायचं ते हे, की त्या फोनच्या दुसऱ्या बाजूला कुणी बसलेलं आहे का, आणि खासगी दवाखान्यात येणाऱ्या तापाची मोजणी होते का, कारण बहुतेक लोक ताप आला की आधी तिथेच जातात. आणि आकडे कळवणाऱ्याला शाबासकी मिळते का मेमो, हेही. जिथे जास्त केसेस दाखवल्या म्हणून वरून झापलं जातं तिथे केसेस कमीच दिसणार.

आता लोक विचारतात की लसी येतायत, वोल्बाकियाचे डास येतायत, मग हे जुनाट घरोघर फिरणं कशाला. वोल्बाकिया खरंच चांगलं आहे, इंडोनेशियातल्या योग्यकार्तामध्ये वोल्बाकिया जिवाणू असलेले एडिस (या जिवाणूमुळे डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही) सोडले तिथे डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी झाला आणि तो अभ्यास भक्कम आहे, मला त्याबद्दल मनापासून आशा आहे. पण ते डास सोडायला, ते टिकलेत का बघायला, पकडून तपासायला कोण लागणार? तीच माणसं. लसीचं म्हणाल तर फिलिपिन्समध्ये २०१६ साली शाळेतल्या ८ लाखांच्या वर मुलांना डेंग्यूची लस दिली आणि २०१७ च्या शेवटी कंपनीनेच सांगितलं की ज्याला आधी डेंग्यू झालेला नाही त्याला पुढे गंभीर डेंग्यूचा धोका वाढू शकतो, कार्यक्रम बंद झाला आणि बाकीच्या लसींवरचाही लोकांचा विश्वास उडाला. कुणाला आधी डेंग्यू होऊन गेलाय हे कळायला रक्ताचे सर्व्हे लागतात, ते शांत काळात करायचं काम. आणि पीतज्वराची लस तर उत्तम, १९३० च्या दशकापासून आहे, एक डोस जन्मभर पुरतो, तरी २०१६ मध्ये अंगोला आणि काँगोच्या साथीत जगाचा राखीव साठा संपला आणि काँगोची राजधानी किन्शासामध्ये लाखो लोकांना पूर्ण डोसाचा पाचवा हिस्सा टोचून वेळ निभवावी लागली. लस आहे म्हणजे तयारी आहे असं होत नाही.

माझ्या मुद्द्यावरचा सगळ्यात खरा आक्षेप सिंगापूरचा आहे. तिथे १९६० च्या दशकात तपासलेल्या जवळपास निम्म्या घरांत एडिस सापडायचा, तो त्यांनी सातत्याने काम करून दोन टक्क्यांच्या आसपास आणला, आणि तरीही २०२० मध्ये तिथे डेंग्यूचे ३५ हजारांच्या वर रुग्ण झाले. म्हणजे अळ्या मोजून काय मिळालं? याचं उत्तर असं की डास कमी झाले की लहानपणी डेंग्यू होऊन गेलेले लोक कमी होतात, पिढ्या प्रतिकारशक्तीशिवाय मोठ्या होतात, मग थोडेसे डासही साथ घडवायला पुरतात. म्हणून नुसता घरांचा टक्का बघून भागत नाही, कोष (अळी आणि डास यांच्या मधली अवस्था) किती, उडणारे डास सापळ्यात किती, विषाणूचा कुठला प्रकार फिरतोय हेही बघावं लागतं, आणि ते सगळं ते करतातच, सापळे लावतात, दर आठवड्याला आकडे बघतात. पण यातून निघणारा निष्कर्ष माझ्या बाजूचाच आहे. यश मिळालं की धोका एका अर्थाने वाढतो, कारण ज्यांना लागण होऊ शकते असे लोक वाढलेले असतात. म्हणजे ज्या वर्षी केसेस सगळ्यात कमी त्या वर्षी काम सोडणं सगळ्यात महागात जाणार. श्रीलंकेत १९६८ मध्ये हेच झालं, मधल्या वर्षांत जन्मलेल्या मुलांनी मलेरिया बघितलेलाच नव्हता.

पैसे नाहीत असं म्हणणाऱ्यांशी मी भांडणार नाही, आरोग्याला पैसे कमीच मिळतात हे खरं आहे. पण असलेले पैसे साथीच्या तीन महिन्यांत उडवायचे का बारा महिन्यांत पसरायचे हा निर्णय आजही घेता येतो, त्याला नवा पैसा लागत नाही. रुग्ण कमी झाले तरी ठरावीक वर्षं तपासणीची पदं कापता येणार नाहीत असा नियम करता येतो. प्रत्येक भागातल्या अळ्यांचा आकडा दर आठवड्याला जाहीर करता येतो, पावसाळा असो नसो, म्हणजे लोकांना धुराऐवजी काहीतरी मागायला मिळेल. पुढचं बजेट मांडलं जाईल तेव्हा साथरोगाच्या रकान्यात किती रक्कम आहे एवढंच बघू नका, त्यातली किती औषधं आणि गाड्यांवर आणि किती पगारावर ते विचारा, कीटकशास्त्राची किती पदं मंजूर आहेत आणि त्यातली किती आज भरलेली आहेत ते विचारा, आणि कोरड्या महिन्यांत शेवटचा अळ्यांचा सर्व्हे कोणत्या तारखेला झाला तेही.